पपईचं खोड वाचता आलं की बाग सोपी जाते

वादळात पडलेली पपई तोडायला कुऱ्हाड लागत नाही, विळ्यानं भागतं. पातं फसकन आत जातं, पाणी सुटतं आणि हातात येतो एक पोकळ नळा, मधे पांढरे पातळ पडदे. सरपण म्हणून त्याची किंमत शून्य. वाळायला टाकलं तर कुजून जातं. आपण सवयीनं 'झाड' म्हणतो खरं, पण पपई म्हणजे झाडाएवढी वाढलेली भाजी. तिच्या खोडात सागा-बाभळीसारखं लाकूड नसतं; सालीतले चिवट धागे आणि पेशींमध्ये ताठ भरलेलं पाणी यांवर आठ-दहा फुटांचा डोलारा आणि त्यावर तीस-चाळीस किलो फळं उभी असतात.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढची बरीच कामं कुणी न सांगता कळतात. मुळाशी पाणी साचलं की दोन दिवसांत पानं का माना टाकतात, खताचा हप्ता चुकला तर फळांच्या माळेत खंड का पडतो, पान तोडताना हात का आखडता घ्यायचा, सगळं इथूनच निघतं. त्यामुळे खड्डे मोजण्याआधी झाड कसं वाढतं ते पाहू.

एक शेंडा, एक पान, एक फूल

पपईला साधारणपणे एकच शेंडा. तो वर सरकत जातो आणि चांगल्या उबेत आठवड्याला दीड-दोन पानं सोडतो. पानाचा देठ हातभर लांब, आतून पोकळ. लहानपणी त्याची पुंगी केली नसेल असा गावाकडचा माणूस विरळा. खालची पानं वयानुसार पिवळी होऊन गळतात आणि मागं खोडावर वण राहतो. झाड वयात आलं, म्हणजे लावणीनंतर साधारण तीन-चार महिन्यांनी, की प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत कळी धरते. एका पानाला एक जागा, त्या जागेला एक फूल किंवा लहानसा झुबका, आणि तिथंच फळ.

म्हणजे खोड ही पपईची चोपडी आहे, खालून वर वाचायची. फळांच्या माळेत सात-आठ पेरं रिकामी दिसली तर समजायचं की महिनाभर काहीतरी बिघडलं होतं. फूल उमलल्यापासून फळ तोडणीला यायला साधारण पाच महिने लागतात, थंडीत जरा जास्त. त्यामुळे आज काढणीत दिसणारा खड्डा आज पडलेला नसतो. तो पाच महिन्यांपूर्वीच्या उन्हाचा, ताणाचा किंवा विसरलेल्या खताचा असतो. वण जवळजवळ आले असतील तर त्या काळात वाढ खुंटली होती. लांब लांब आणि खोड बारीक असेल तर झाड सावलीत किंवा दाटीत उंच पळालं. बागेत कुणी सल्ला मागितला तर मी आधी खोड बघतो, पानं नंतर.

ही वनस्पती मूळची मध्य अमेरिकेच्या बाजूची. स्पॅनिश-पोर्तुगीज दर्यावर्द्यांबरोबर सोळाव्या शतकात ती आशियात आली. गोव्यात आजही तिला 'पपाय' म्हणतात. शास्त्रीय नाव 'कॅरिका पपाया'. पान अंजिराच्या पानासारखं दिसतं म्हणून पहिला शब्द अंजिराच्या नावावरून घेतलेला. आपल्याकडे तिनं खरं बस्तान बसवलं ते खानदेशात. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात हंगामात पपईचे ट्रक उत्तरेकडे रांगेनं निघतात.

नर, मादी आणि तिसरं झाड

पपई लावणाऱ्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो. झाडं तीन प्रकारची असतात.

नर झाडाला लांब, लोंबत्या, फाटे फुटलेल्या दांड्यांवर बारीक फुलांचे घोस येतात. मादी झाडाचं फूल खोडाला चिकटून, एकटं, मोठं. कळी तळाशी फुगीर आणि टोकाला निमुळती. पाच पाकळ्या जवळजवळ बुडापासून सुट्या, आत पुंकेसर नाहीत. उभयलिंगी झाडाचं फूलही खोडाजवळच असतं, पण कळी सडपातळ, पाकळ्या खालून नळीसारख्या जोडलेल्या, आणि आत बीजकोशाभोवती पिवळे पुंकेसर. खात्री करायची असेल तर मोठी कळी घेऊन ब्लेडनं उभी चिरायची. मादीत नुसता बीजकोश दिसतो. उभयलिंगीत पिवळी दाटी दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, एकदा केलं की जन्मभर चुकत नाही.

फळावरूनही कळतं. मादी झाडाचं फळ गोल, पोकळी मोठी. उभयलिंगीचं लांबट, गर जाड, पोकळी लहान. व्यापारी लांबट फळ मागतो, कारण ते क्रेटमध्ये नीट बसतं आणि गर जास्त निघतो. चवीत फरक नसतो, हे मात्र घरच्या माणसांनी लक्षात ठेवावं.

आता हिशेब. उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्याच परागानं धरलेल्या बियांतून साधारण दोन उभयलिंगी आणि एक मादी असं प्रमाण निघतं. नर निघत नाही. मादी फळाला नर झाडाचा पराग लागला असेल तर निम्मे नर, निम्म्या माद्या. आपल्याकडे सर्रास लावली जाणारी तैवान ७८६, म्हणजेच रेड लेडी, उभयलिंगी आणि मादी देणारी संकरित जात आहे. तिच्यात नर झाड यायलाच नको. हे मला पुस्तकात नाही, नुकसानीत कळलं. एकदा एका रोपवाटिकेतून 'अस्सल तैवान' म्हणून दोन ट्रे रोपं आणली. चौथ्या महिन्यात निम्म्या झाडांना लोंबते घोस लटकले. विकणारा म्हणाला, उष्णतेनं झालं असेल. उष्णतेनं असे लोंबते घोस येत नाहीत. बी कुठल्या तरी देशी मादी फळातलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. बाजारातल्या तैवान फळाचं बी धरून लावलं तरी ती जात तशीच उतरत नाही. दुसऱ्या पिढीत झाडागणिक फळ वेगळं निघतं. परसात चालेल, बागेत नाही.

नर झाडाला खिळा ठोकला की ते मादी होतं, अशी एक जुनी समजूत आहे. झाडाचं लिंग बीमध्येच ठरलेलं असतं. मात्र काही नर झाडं अधूनमधून आपणहून लांब दांडीवर एखाद-दुसरं फळ धरतात, आणि त्याचं श्रेय खिळ्याला जातं.

बी ते रोप

पिकलेल्या फळातलं काळं बी पाहा. प्रत्येक बीवर पारदर्शक बुळबुळीत पिशवी असते. त्या पिशवीतले पदार्थ उगवण रोखतात. फळात असताना बी रुजू नये याची ही सोय. ती काढली नाही तर उगवण रडतखडत होते. बी चाळणीत घेऊन राखेबरोबर किंवा जाड्या फडक्यात चोळायचं, पिशव्या फुटल्या की भरपूर पाण्यात धुवायचं. तरंगलेलं टाकून द्या, बुडालेलं सावलीत सुकवा. उन्हात नको. बी जितकं ताजं तितकं बरं.

छोट्या पिशव्यांत माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती भरून एक सेंटिमीटर खोल बी टोका. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेली असेल तर उत्तम, कारण रोपांची मर हा इथला मुख्य शत्रू. रोप जमिनीलगत पाणी लागल्यासारखं मऊ पडतं आणि आडवं होतं. मर आणणारी बुरशी ओलीवर जगते, म्हणून पाणी झारीनं, सकाळी आणि बेतानं. उबेत दोन ते तीन आठवड्यांत कोंब वर येतात. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा बी नुसतं बसून राहतं. त्या दिवसांत ट्रे पॉलिहाउसमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या बुटक्या बोगद्यात ठेवावे लागतात.

दीड ते दोन महिन्यांत वीतभर रोप तयार होतं. याहून उंच, बारीक, लवलवतं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. पिशवीत मुळ्यांचं वेटोळं झालं की ते पुढं कधीच सुटत नाही.

जागा आणि लावण

पपईला पाण्याचा निचरा हवा, बाकी सगळं ती जुळवून घेते. पोयट्याची, मध्यम जमीन सगळ्यात चांगली. भारी काळ्या जमिनीत लावायचीच असेल तर फूटभर उंच गादीवाफे करा. मुळं वरच्या थरात पसरतात आणि त्यांना हवा लागते. दीड-दोन दिवस पाणी तुंबलं तरी ती गुदमरून कुजतात. जुलैच्या झडीत उंच वाफ्यावरची बाग उभी आणि बांधापलीकडची सपाटीवरची आडवी, हे दृश्य दरवर्षी कुठे ना कुठे दिसतंच.

महाराष्ट्रात लावणीचे तीन हंगाम धरतात: जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च. पहिल्यात पावसाची भीती, शेवटच्यात उन्हाची. फेब्रुवारीत लावलेल्या रोपांना खानदेशात पांढऱ्या क्रॉप कव्हरचे, म्हणजे पातळ कापडाचे, छोटे तंबू घालतात. ऊन आणि मावा ही रस शोषणारी बारीक कीड दोन्ही अडतात, म्हणून खर्च वसूल होतो.

अंतर सहा बाय सहा फूट ठेवलं तर एकरी सुमारे १२०० झाडं बसतात, आठ बाय सहाला ९०० च्या आसपास. माझं मत मोकळ्या अंतराच्या बाजूचं आहे. दुसऱ्या वर्षी पानं एकमेकांत शिरली की फवारा आत जात नाही आणि माणूसही.

दीड फुटाचा खड्डा आठ-पंधरा दिवस तापू द्या. वरच्या मातीत घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळून भरा. रोप संध्याकाळी लावा, मुळाशी असलेली मातीची गड्डी फुटू देऊ नका, आणि पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच खोड मातीत जाऊ द्या. आधार मिळावा म्हणून मान पुरून टाकली तर बुंधाकुजीला आमंत्रणच. हलत असेल तर काठी द्या.

एका खड्ड्यात किती रोपं?

लिंग फुलं येईपर्यंत ओळखता येत नाही, म्हणून एका खड्ड्यात वीतभर अंतरानं जास्त रोपं लावून नंतर एक राखायचं, ही जुनी रीत. नर-मादी वेगळी असणाऱ्या देशी जातीचं एकच रोप लावलं तर खड्डा नराचा निघायची शक्यता निम्मी. दोन लावली तर चारांतला एक खड्डा वाया, तीन लावली तर आठांतला एक. उभयलिंगी जातीचं, दोनास एक प्रमाणाचं बी असेल तर तीन रोपांमागे सत्तावीसांतल्या एकाच खड्ड्यात उभयलिंगी झाड मिळत नाही. महागड्या तैवान रोपांना हे परवडत नाही, म्हणून तिथं बहुतेक जण एकच लावतात आणि गोल फळांची झाडं पदरात घेतात.

देशी जातीत सगळे नर उपटायचे नाहीत. दहा माद्यांमागे एक नर बागेत पसरून ठेवावा लागतो. पराग वाऱ्यानं आणि संध्याकाळी उडणाऱ्या पतंगांनी पोचतो. मादीला पराग मिळाला नाही तर फळ बोराएवढं होऊन गळतं. परसात एकुलतं एक मादी झाड असेल आणि फळं टिकत नसतील, तर खत वाढवण्याआधी आजूबाजूला नर किंवा उभयलिंगी झाड आहे का ते बघा.

नको असलेलं रोप उपटू नका, जमिनीलगत कापा. उपटलं तर राखलेल्याची मुळं दुखावतात.

पाणी आणि खत

बुंध्याला पाणी टेकू द्यायचं नाही. ठिबक असेल तर ड्रिपर खोडापासून वीत-दोन वीत लांब, झाड वाढेल तसा आणखी बाहेर सरकवा. आळं करणार असाल तर दुहेरी करा: खोडाभोवती मातीची छोटी उंच भर, आणि तिच्या बाहेर पाण्याचं आळं. लहान रोपाला रोज दोन-तीन लिटर पुरतं. फळांनी लदलेल्या झाडाला एप्रिल-मेमध्ये वीसेक लिटर लागतं. वाफसा बघूनच पाणी सोडा. मूठभर माती दाबून लाडू झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, तर आज पाणी नको.

खताला मात्र सवलत नाही. पान, फूल आणि फळ तिन्ही एकाच वेळी वाढवणारी ही वनस्पती सतत भुकेली असते. वर्षाला प्रत्येक झाडाला २०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश, लावणीनंतर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या महिन्यात चार समान हप्त्यांत, हा आपल्याकडचा रूढ हिशेब. एक हप्ता म्हणजे सुमारे ११० ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. खोडापासून हातभर लांब गोल चरीत टाकून मातीनं झाका. माती परीक्षण केलेलं असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त.

फळावर टेंगळं आली, आकार खडबडीत झाला आणि कोवळ्या फळातून आपोआप चिकाचे थेंब ओघळून सुकलेले दिसले, तर बोरॉन कमी पडतंय. यावर बोरॉनची हलकी फवारणी लागू पडते, पण डबीवरच्या प्रमाणाबाहेर जाऊ नका. बोरॉन गरजेपेक्षा जरा जास्त झाला तरी पानं कडेनं जळतात.

ऊन, थंडी आणि वेडीवाकडी फळं

पपईला २१ ते ३३ अंशांचं हवामान मानवतं. आपल्याकडचे मे आणि जानेवारी दोन्ही तिला जड जातात, आणि त्याचा परिणाम उभयलिंगी झाडावर जास्त दिसतो. कडक उन्हाळ्यात त्याच्या फुलातला बीजकोश खुरटतो. फूल नरासारखं वागतं आणि फळ न धरता गळतं. खोडावरचा तो रिकामा पट्टा बहुतेक वेळा याचाच. उलट, थंडीत कळी घडत असेल तर पुंकेसर बीजकोशाला चिकटतात आणि फळ खाचा पडलेलं, मुरडलेलं, मांजराच्या तोंडासारखं निघतं. तो रोग नव्हे, त्यावर औषधही नाही. अशी फळं लिंबाएवढी असतानाच काढून टाका, शेजारच्यांना जागा मिळते. मादी झाडाचं फूल या बाबतीत स्थिर असतं. म्हणून परसात दोन झाडांना जागा असेल तर मी एक उभयलिंगी आणि एक मादी राखीन.

पानांचा हिशेबही ठेवा. जोमदार झाडावर तीसेक पानं असतात. ती पंधराच्या खाली गेली की फळं पोसत नाहीत, गोडी उतरते आणि उघडी फळं उन्हानं भाजतात. वाळलेलं पान काढायला हरकत नाही; हिरवं पान 'हवा खेळावी' म्हणून तोडणं म्हणजे खालच्या फळाचं ताट ओढून घेणं. मे महिन्यात आमच्याकडे फळांच्या माळेभोवती जुनं पांढरं कापड गुंडाळतात.

व्हायरस: इथं औषध चालत नाही

पानावर पिवळे-हिरवे चट्टे, शेंड्याची पानं बुटाच्या नाडीसारखी अरुंद, देठांवर तेलकट रेघा आणि फळावर गोल कड्या. हा रिंगस्पॉट विषाणू, शेतकऱ्याच्या भाषेत नुसता 'व्हायरस'. तो बियांतून येत नाही, मावा आणतो. गंमत अशी की हा मावा पपईवर घर करत नाही. जाता जाता उतरतो, पानाला सोंड टोचून चव बघतो आणि पुढं जातो. तेवढ्यात विषाणू पोचलेला असतो. कीटकनाशकानं तो मावा नंतर मेला तरी काम झालेलं असतं. म्हणून रोज फवारणाऱ्याचीही बाग पिवळी पडते.

उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. बागेभोवती महिनाभर आधी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरा. विषाणू माव्याच्या सोंडेवर थोडाच वेळ टिकतो. येणारा मावा आधी ज्वारीला टोचतो आणि तोंड पुसूनच आत शिरतो. रोपं क्रॉप कव्हरखाली ठेवा, जुन्या रोगट बागेशेजारी नवी लावू नका, भोपळा-काकडी-टरबूज लांब ठेवा. पहिलं रोगट झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून बाहेर न्या. 'दोन फळं तेवढी काढून घेतो' म्हणत ठेवलेल्या एका झाडाची पुढच्या महिन्यात वीस होतात. हवाईत याच रोगानं बागा बसल्या, तेव्हा जनुक बदललेली 'रेनबो' पपई १९९८ मध्ये लागवडीला आली. आपल्याकडे तशी पपई लागवडीला नाही.

पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. पपईवरची ही परदेशी जात भारतात २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडली. २०१० मध्ये तिच्यावर जगणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या पोर्टो रिकोहून आणून सोडल्या आणि ती बरीच आटोक्यात आली. म्हणून कापूस दिसताच जहाल फवारा उचलू नका, त्यात या माश्याही मरतात. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, जास्त लागलेली पानं-फळं काढून जाळा.

तोडणी आणि चीक

हिरव्या फळाला नखानं ओरखडा काढा. चीक दुधासारखा घट्ट आला तर अजून वेळ आहे. पाण्यासारखा पातळ आला तर फळ पोसलं. लांब पाठवायचं फळ टोकाकडून पिवळी रेघ दिसताच तोडतात. घरी खायचं असेल तर निम्मा रंग चढू द्या, गोडी झाडावरच भरते. देठासह पिळून काढा, कागदात गुंडाळा, एकावर एक रचू नका. फ्रिजमध्ये कच्चं फळ ठेवलं तर नंतर ते नीट पिकत नाही.

तोडताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. चिकातलं पपेन प्रथिनं फोडतं. मांस शिजताना मऊ व्हावं म्हणून ज्याचे दोन तुकडे टाकतात तेच हे, आणि आपली कातडीही प्रथिनांचीच. पपेनसाठी चीक काढणारे पोसलेल्या कच्च्या फळावर पहाटे तीन-चार उथळ उभ्या चिरा देतात आणि चीक काच किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात धरतात. लोखंडाला लागला की तो काळवंडतो. चीक काढलेलं फळ टुटीफ्रुटीला जातं.

बाग दोन वर्षांच्या पुढं ठेवू नका, फळ लहान होत जातं आणि रोग साचतो. परसातलं झाड मात्र हात पोचेनासा झाला की हिवाळा सरताना तीन फुटांवर कापता येतं. खालून फुटवे येतात, त्यातला एक जोमदार राखायचा. काप तिरपा घ्या आणि पोकळ नळ्यावर जुना प्लॅस्टिकचा डबा उलटा बसवा. नाहीतर पहिल्या पावसात नळा पाण्यानं भरतो आणि बुंधा वरून खाली कुजत जातो.